चीज

सांचीच्या तीन पिशव्या दूध.
पौषात आमच्या ग्वाल्हेरला दही लागत नाही,
म्हणून पातेलं शालीत गुंडाळून
परवा रात्री गव्हाच्या पिंपात पुरलं होतं.
काल उघडलं, तर सुरी उभी राहील असं.
मग धोतराचा जुना तुकडा, घट्ट गाठ,
नळाच्या मानेला गाठोडं
आणि रात्रभर थेंबाथेंबाने त्याचं बोलणं.
शलाकासाठी. श्रीखंड.
वेलची तिला चालत नाही, जायफळ हवं.

सकाळी तिचा फोन.
गोवा एक्सप्रेस चौदा तास लेट दाखवतायत, धुकं आहे म्हणे,
पोचले की लगेच परत निघायचं,
त्यापेक्षा आई, मार्चमध्ये येते ना.
बरं, म्हटलं.
खिडकीबाहेर खरंच धुकं होतं,
समोरच्या डेअरीची पाटीसुद्धा दिसत नव्हती.
खोटं बोलली असती तर रागावता तरी आलं असतं.

साडेपाचला ह्यांचा.
बँकेतले आठजण येतायत, साडेसहापर्यंत.
तू काही करू नकोस.
फक्त काहीतरी खायला ठेव.

काही न करता काहीतरी:
ह्या पदार्थाची कृती
आमच्या घराण्यात कुणी लिहून ठेवलेली नाही.

गाठ सोडली.
धोतराची वीण अंगावर उमटलेला पांढरा गोळा
परातीत बसला, अजून कुणाचाच नव्हता.
डावीकडे साखरेचा डबा, उजवीकडे मिठाचा.
जरा वेळ मी नुसतीच उभी.
मग मीठ.

पुढचं हातानेच केलं.
चीजचे चार क्यूब बारीक किसणीवर,
शेवटी क्यूब कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं
ते किसणीला कळत नाही.
लसूण कच्चा, तीन पाकळ्या, ठेचून.
मिरचीच्या बिया काढल्या, सक्सेनाबाईंना अल्सर आहे.
मिरी जाडसर. कोथिंबिरीचे फक्त देठ,
पानं घातली की पाणी सुटतं.
लाकडी डाव एकाच दिशेने.

वर कोल्हटकर सरांची शिकवणी चाललेली.
एक मुलगा तीच ओळ चौथ्यांदा घेत होता,
आणि सर: पळू नकोस रे, चीज आधी बसू दे.
मी वाडग्यावर ताटली घातली, ताटलीवर बत्ता,
आणि ठेवला खिडकीबाहेर, कठड्यावर.
फ्रीजपेक्षा जनकगंज जास्त गार होतं.
बसू दे.

सातला आले, मफलरींसकट.
टोस्ट, काकडीच्या चकत्या, मधोमध वाडगा.
भदौरियाजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला,
मग विचारलं, भाभीजी, ये क्या चीज़ है?
हे लगेच, चीज़ ही है!
आठजण हसले. बत्तीस वर्षांत ह्यांचा विनोद
इतका कधी चालला नव्हता.

कुशवाह नावाची एक नवी मुलगी, पहिलीच नोकरी, घर सागरला,
रिकामा वाडगा घेऊन स्वयंपाकघरात आली.
कडेला राहिलेलं बोटाने पुसून खाल्लं.
आंटी, इससे मीठा भी बनता है क्या?
बनता है, म्हटलं.
आणि तिच्या हातून वाडगा घेऊन
उगाच जास्त वेळ धुतला.

सगळे गेल्यावर हे म्हणाले,
झालं बघ तुझ्या मेहनतीचं चीज.
कसली मेहनत? तुम्हीच म्हणालात, काही करू नकोस.
त्यावर ह्यांनी मोजे काढले.

मीठ घालण्याआधी एक वाटी
मी बाजूला काढली होती, लोणच्याच्या बरणीमागे.
त्या मुलीला दिली नाही. देता आली असती.
मार्चपर्यंत टिकणार नव्हती हेही माहीत होतं.
साडेअकराला फ्रीजच्या उजेडात
उभ्या उभ्याच खाल्ली,
ना साखर, ना मीठ.
आंबट झाली होती जरा.
लागली मात्र छान.