लाल टॅग

माझ्या मनगटावरचं घड्याळ सहा हजार चारशेचं,
चेहरा मात्र सहा लाखांच्या घड्याळाचा:
तीच निळी तबकडी, तीच दातेरी कड,
तारखेवर तसाच भिंगाचा फुगवटा.
नाव त्याचं त्याचं, कुणी न ऐकलेलं,
बाराच्या खाली, बारीक अक्षरांत,
नव्या सुनेनं उखाण्यात हळूच घ्यावं तसं.

"कॉपी का?" कँटीनमध्ये विचारतात.
कॉपी नाही. कॉपी नावही चोरते.
ही मानवंदना आहे, मी म्हणतो.
थोपटे रश्श्यात पाव बुडवत हसतो,
"म्हणजे परेडला उभंय होय तुझं घड्याळ?"

मला लाज नाही वाटत.
सत्तावीस वर्षं भोसरीत हेच करतोय.
जर्मनीहून पार्ट यायचा,
लाकडी खोक्यात, भुशात झोपलेला.
आम्ही तो पुसायचो, मापायचो,
व्हर्नियर, मायक्रोमीटर, शेवटी बोटाचं पेर,
आणि महिन्याभरात एस ब्लॉकच्या पत्र्याखाली
तसाच दुसरा, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत,
वर आमच्या कंपनीचं नाव ठोकलेलं.
मोडला तर शिव्या आम्हालाच.
नाव ठोकायचं ते त्याचसाठी.

देवस्थळी साहेबांचं अस्सल. मुकुटवालं.
सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, दुबईहून आणून.
मीटिंगला साहेब बाही वर सरकवून बसतात,
आणि माझा हात टेबलाखाली जातो.
लाज नाही वाटत म्हणालो ना मघाशी.
तरी जातो.

गेल्या महिन्यात ते बंद पडलं.
"सेंटरवाले फोनवरच पस्तीस हजार सांगतात हो,
तुमचा तो रविवार पेठेतला माणूस आहे ना?"

बोहरी आळी. दोरखंड, ताडपत्र्या, खिळ्यांची पोती,
त्यांच्या फटीत हातिमभाईंचं काउंटर, पाटाएवढं.
भिंग डोळ्यात रुतवून त्यांनी मागचं झाकण फिरवलं.
बघत राहिले.
मग भिंग काढून माझ्याकडे सरकवलं.

यंत्रातलं मला फार कळत नाही,
पण कडा कळतात.
कापल्यावर कुणी घासल्याच नव्हत्या.
तबकडीवरचा मुकुट किंचित डावीकडे कललेला,
घाईत टोपी घातल्यासारखा.
"आतलं तीनशेचं," हातिमभाई म्हणाले,
आणि मग, आजाऱ्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसं,
"साहेबांचे सासरे आहेत अजून?"
"गेले. दोन वर्षं झाली."
"मग मी हे उघडलंच नाही."

नवं यंत्र घातलं, जपानी. माझ्यात आहे तेच.
मापात बसेना, मधे रिंग हवी होती.
ती मी शनिवारी शिफ्ट सुटल्यावर
जुन्या लेथवर काढली, पितळेची,
इतकी नेमकी की हातिमभाईंनी चिमट्यात धरून
दोनदा उजेडाकडे फिरवली.
तिच्यावर नाव ठोकलं नाही.
साडेचार हजार झाले. बिलावर लिहिलं: ऑइलिंग.

सोमवारी साहेबांनी ते कानाला लावलं,
डोळे मिटून, बराच वेळ.
"बाबा गेल्यापासून हे मागेच पडत होतं," म्हणाले,
आणि जरा वेळाने, नेहमीच्या आवाजात,
"ओरिजिनलची टिकटिकच वेगळी, काय?"

शून्य पूर्णांक शून्य दोनसाठी
मी अख्खे लॉट परत पाठवलेत.
पोरं मला मागून यमदूत म्हणतात, माहीत आहे.
शर्टाच्या खिशात लाल टॅगची गड्डी असते,
तेव्हाही होती.

हो साहेब, म्हणालो.
आणि हात टेबलावरच राहू दिला.