बंबखान्याची मापं

परभणी. मे महिना. सकाळचे साडेआठ,
आणि टेपची पट्टी आत्ताच हाताला चटका देतेय.
मला पाठवलंय जुना बंबखाना मोजायला.
फॉर्म दोन पानी. शेवटून दुसरा रकाना :
‘कलात्मक मूल्य – आहे / नाही’,
पुढे बोटभर जागा.

टेपचं दुसरं टोक लिंबाजी सोनकांबळेंकडे,
निवृत्तीला अकरा महिने राहिलेत त्यांच्या.
टोक धरतात ते होज धरल्यासारखं,
दोन्ही हातांनी, पाय रोवून.

तीन कमानी. काळा दगड, वर चुना.
डावी नऊ फूट दोन इंच, उजवी तेवढीच,
माणसांनी ओढायच्या पंपापुरती.
मधली कमान नाहीच.
चौऱ्याहत्तर साली नवा बंब आला
आणि दारातच अडला,
मांडवात न मावणाऱ्या उंच नवरदेवासारखा.
मग कमान फोडली, सिमेंटची तुळई टाकली.
दगडाचे दात अजून दिसतात दोन्हीकडे.

“माप कुठून धरू?” मी विचारलं.
“फोडली तिथून,” ते म्हणाले.

तिच्यावर चुन्याची मगर होती म्हणे.
बांधणाऱ्या गवंड्यानं बंबखाना कधी पाहिला नव्हता;
त्याच्या हातून आधी दोन दर्गे झालेले, एक बारव,
आणि कुणा सावकाराची माडी.
पाण्याचं घर बांधायचंय, एवढंच त्याला कळलं.
म्हणून घंटेला त्यानं दिव्याचा कोनाडा दिला,
नळाला गाईचं तोंड,
कमानीला मगर, अंगभर खवले,
एकेक खवला करंगळीच्या नखाएवढा.
तुळई आली, मगर गेली. शेपूट राहिलं.
कॉलवर निघताना पोरं त्याला हात लावतात.
टोक झिजून अडकित्त्याच्या मुठीसारखं झालंय.

मागच्या भिंतीवर यासीन पेंटरचं चित्र,
जिनिंग जळाली त्या वर्षीचं.
आधी त्यानं ज्वाळाच काढल्या होत्या, भिंतभर पिवळ्या.
ड्यूटीवरचे म्हणाले, “यासीनभाई, आग कायको?
आग तो रोज देखते.”
त्यानं मुकाट्यानं वरून निळा फिरवला.
विहीर काढली, काठोकाठ,
तिच्यात पाय सोडून बसलेली आठ माणसं,
बूट शेजारी काढून ठेवलेले.
आता ऊन निळा खातंय.
पाणी उतरतंय भिंतीवरचंही,
आणि तळातून
पिवळं वर येऊ लागलंय.

हे कसं लिहावं, तोवर घंटा.
लिंबाजींच्या हातून टेप सुटली,
सरसरत माझ्याकडे आली परत.
आग नाही. उन्हाळ्यात बंब वस्त्यांना पाणी देतो.
घंटा ऐकून लोक घराबाहेर पळत नाहीत,
घागरी आणायला घरात पळतात.
इथल्या लेकरांना
लाल म्हणजे पाणी.

उरला मनोरा, होज वाळवायचा.
टेप पुरत नाही, मी सावली मोजली,
त्रैराशिकानं बेचाळीस फूट.
आत गारवा. वर आकड्यांना तीन होज,
टाकलेल्या कातीसारखे लोंबते,
एक अजून ठिबकतोय.
खाली शहाबादी फरशी
आणि फरशीत एक वाटी.
कुणी कोरलेली नाही.
विझवून उरलेलं पाणी पडत राहिलं
एकाच जागी : जिनिंगचं, कडब्याच्या गंजीचं,
आणि त्या एका शाळेचं,
जिच्याबद्दल लिंबाजी बोलत नाहीत.
खोली माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी.
साळुंकी आली, प्याली, गेली.

बंब रिकामा होऊन आला तेव्हा बारा वाजले होते.
‘आहे’भोवती मी गोल केला होता,
बोटभर जागेत ‘शेपूट’ लिहिलं होतं.
लिंबाजींनी वाकून वाचलं.
“वाटीचं नाही लिहिलं?”
“जागा नाही.”
“बरं झालं,” ते म्हणाले,
“लिहिलं की फरशी बदलतात.”