व्यक्तिमत्त्व, पाचपैकी

रबाळ्याच्या त्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
माझ्यासमोर एक रकाना होता. व्यक्तिमत्त्व, पाचपैकी.
मी तीन लिहिले.
आधी चार लिहून मग तीन केले, हे खरं.
चाराचा तीन नीट होत नाही,
खोडावंच लागतं. ते कागदावर राहिलं.

दर्शिका तांडेल, दिवाळे गाव.
खालच्या ओठाखाली मधोमध चांदीचा एक ठिपका,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
ती बोलली की तो हलायचा,
आणि आम्ही तिघंही त्याच्याशीच बोलत होतो.

भांडखोर ग्राहक आला तर काय करशील?
म्हणाली, आईच्या पाटीशी बसलेय मी पाच वर्षं,
बेलापूरच्या बाजारात.
पापलेट महाग म्हणून भांडणारा शेवटी घेऊनच जातो.
त्याला फक्त आधी बोलू द्यायचं असतं.

याहून चांगलं उत्तर मी त्या खोलीत ऐकलेलं नाही.

बापट सरांनी पेन खाली ठेवलं.
"हे," म्हणाले, आणि स्वतःच्याच ओठाखाली बोट टेकवलं,
"हे काढता येतं का?"

बापट सरांच्या उजव्या कानात भिकबाळी असते,
दोन मोती, मधे लाल खडा.
सणाला घालतात, आणि मुलाखती असल्या की.
ती भिकबाळीकडे बघत राहिली.
मला वाटलं, आता बोलेल. बोलावं तिनं.
नाही बोलली.
आणि मला हायसं वाटलं, तेही लिहून ठेवते.

दुसऱ्या फेरीला ती ते काढून आली.
केस बांधलेले, इस्त्रीचा कुर्ता,
आणि हनुवटीवर ती जागा,
जुनं कॅलेंडर उतरवल्यावर भिंतीवर उरते तशी.
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.
ती प्याली, ओठ घट्ट मिटले,
आणि मिटलेल्या ओठांच्या खालून
एक थेंब बाहेर आला.
मनगटानं पुसला तिनं, झटकन.
बापट सर फाइल चाळत होते. मी पाहिलं.

निवड झाली तिची.
पुढच्या टेबलावर नाही.
मागे, रात्रपाळीला, फोनवर,
जिथे चेहरा कुणाला लागत नाही.
पगार दोन हजारांनी कमी.
पत्र मीच छापलं.
'अभिनंदन' हा शब्द त्यात आधीपासूनच होता.

मी ठाण्याची. एकोणीस वर्षांची असताना
राम मारुती रोडवरच्या एका जिन्याखालच्या दुकानात
कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं होतं.
महिनाभर त्या कुशीवर झोपता आलं नाही.
आईनं हळद लावली आणि अबोला धरला,
दोन्ही एकाच संध्याकाळी.

पहिल्या नोकरीच्या आदल्या रात्री मी ती बाळी काढली,
सेफ्टी पिनांच्या डबीत टाकली.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
काढता येतं का, असं विचारलंसुद्धा नव्हतं.

नाकातली चमकी राहू दिली.
बावीस वर्षांत तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.
पाडव्याला नथ घालून आले तर
एच.आर.चेच लोक फोटो काढायला बोलावतात.
नाकपुडीपासून त्या ठिपक्याच्या जागेपर्यंत
तीन बोटं अंतर भरतं.
ऑफिसच्या बाथरूममध्ये, आरशासमोर, मोजलंय मी.

काल रात्री निघायला उशीर झाला.
लिफ्ट उघडली तर समोर ती,
डबा, हेडफोन, गळ्यात ओळखपत्र.
ठिपका परत आला होता.
"गुड इव्हनिंग मॅडम," म्हणाली, आणि तो हलला.
मी मान डोलावली. दार मिटलं.

खाली जाताना कान चाचपला.
भोक केव्हाच बुजलंय,
आत एक गाठ आहे, मोहरीएवढी.
दिसत नाही. दाबली तर कळते.

तळमजल्यावर दार उघडलं.
वॉचमन उभा होता.
मी हात खाली घेतला.