लाकडापलीकडून

एक खिळा बसवायला दोन माणसं लागतात.
एक होडीच्या आत, गुडघ्यांवर.
एक बाहेर, थंड जमिनीवर उताणा.
मध्ये लार्चची फळी, करंगळीएवढी जाड,
तेवढी पुरते, एकमेकांना न दिसायला.

बाहेरचा खिळ्याच्या डोक्यावर
लोखंडाचा गोळा दाबून धरतो.
आतला चकती बसवतो, उरलेलं टोक छाटतो,
आणि हलक्या हातानं, फार हलक्या हातानं
तांबं फुलवतो.
जोरात मारलं तर खिळा लाकडातल्या लाकडात वाकतो,
वरून कळत नाही.
जुलैत कळतं, खाडीच्या मध्यावर.

रास्मी बाहेर असायचा, मी आत.
एकोणीस वर्षं आम्हा भावांत विस्तव जात नव्हता,
आणि भांडण तरी कशाचं, तर जळणाचं:
टेकडीवरचा पीटचा पट्टा, बावीस पावलं,
बाप कुणाला देऊन गेला ते बापालाच ठाऊक.
चर्चमध्ये तो डाव्या बाकावर, मी उजव्या.
दुकानात तो शिरला
की मला अचानक काहीच नको असायचं.

पण होडी दोघांच्या नावावर होती.
'टिरिक', इथल्या एका भांडखोर पाखराचं नाव.
पट्टा मोजता येतो, होडी मधोमध कापता येत नाही.
एप्रिलमध्ये शेडचं दार उघडं दिसलं
की मी हातोडी घेऊन जायचो.
तो आधीच फळीखाली आडवा,
बाहेर आलेले फक्त बूट.

एकदा वाजवलं: थांब.
दोनदा: धरलंय, मार.
तीनदा: चहा. आपापल्या थर्मासमधला.
हिवाळ्यानं ढिले केलेले खिळे
असे आवळत न्यायचे, शेपटापासून नाळेपर्यंत,
मग गरम तेल आणि डांबर,
आणि आपापल्या वाटेनं घरी.

एका वर्षी त्यानं चारदा वाजवलं.
चारला काही अर्थ नव्हता.
मी हातोडी धरून थांबलो,
थोडा वेळ.
मग पुढचा खिळा घेतला.

या फेब्रुवारीत तो गेला.
पेटीला खिळे एकाच बाजूनं मारतात.
पलीकडून कुणी धरावं लागत नाही.

एप्रिलमध्ये शेडचं दार उघडं.
फळीखालून तेच बूट बाहेर,
त्यांत पाय मात्र लहान.
ओस्ला, त्याची मुलगी. लेरविकला बँकेत असते.
दोनदा वाजलं. मी मारलं.
गोळा तिरका धरला होता, खिळा वाकला,
हाताला लगेच समजलं.
"जरा डावीकडे," मी म्हणालो,
आणि त्या शेडमध्ये माझाच आवाज
मला परका वाटला.
पलीकडून ती म्हणाली,
"बाबा सांगायचे, काका काम करताना बोलत नाही,
त्याचं लक्ष मोडायचं नाही."

एवढंच सांगितलं होतं त्यानं घरी.
एकोणीस वर्षं.

मे महिन्यात टिरिकला उथळ पाण्यात नेऊन
बुडवून ठेवली, दोन रात्री.
ओस्लाला पटेना. काठावर फेऱ्या मारत होती.
अगं, कोरडी होडी गळते,
लाकडाला पोटभर पाणी प्यावं लागतं,
तेव्हा फळीला फळी बिलगते.
"बुडवल्याशिवाय तरंगत नाही, ही कसली होडी!"
मी काही बोललो नाही.
लक्ष मोडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं, शीड चढवलं.
नैऋत्येचा वारा, फार नाही.
डाव्या अंगाला चौथ्या फळीत थेंब थेंब येतंय.
तोच खिळा. काढायला हवा होता, काढला नाही.
ओस्लाच्या हाती डबा दिला आहे,
ती उपसते आहे आणि बँकेतल्या साहेबाची नक्कल करते आहे.

मी सुकाणूशी, पाठ फळीला टेकलेली.
पलीकडून पाणी वाजतं आहे,
एकदा, दोनदा, तीनदा.
पुढचं मोजत नाही.