पन्नास मिनिटं

आचऱ्याच्या खाडीकाठी, रुजायबायच्या ओसरीत
मी घड्याळाचं पोट उघडलं.
जर्मन यंत्र. तबकडीला तडा,
लंबक दुसऱ्याच कुणाचा,
कमान खाऱ्या वाऱ्याने तांबूस.
वहीत किंमत मांडत गेलो, कापत गेलो.
"शिवाय दिवसाला पन्नास मिनिटं मागे पडतं,
त्याचे पाचशे कमी."

ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"मागे पडणा नाय ता. भरतीवांगडा चलता.
घोवान तसाच लावून ठेवल्यान."

तीनचे ठोके पडले.
माझ्या मनगटावर पावणेसहा.
खालच्या पायरीला पाणी लागलं,
बांधलेली होडी
चिखल सोडून उचलली गेली.

पाचशेचा आकडा खोडला.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
"विकायचं आहे ना?" विचारलं.
"पाणी उतरांदे," ती म्हणाली,
"मगे बघूया."