दोन उरले होते

लायब्ररी म्हणतात तिला,
पण पुस्तक एकही नाही तिच्यात.
खिडकीला चौकट कशी काढायची,
बटण दाबलं की ते किंचित आत गेल्यासारखं कसं दाखवायचं,
एवढंच तिला येतं. तेही जुन्या वळणाचं.

तिला काढायचं ठरलं तेव्हा मी लिएपायात नवी होते,
बंदराकडच्या ऑफिसात माझ्या खुर्चीला एक चाक कमी होतं.
गुंतार्सनं काम माझ्या गळ्यात घातलं,
म्हणाला, झाइगा, आठवड्याभराचं आहे.

तुझ्यावर कोण कोण विसंबून आहे, विचारलं मी तिला.
स्क्रीनवर एकेचाळीस नावं आली.

तीन वर्षं हे भिजत घोंगडं.
एकेकाला पत्र लिही, पॅच पाठव, पुन्हा आठवण कर.
कुणी मुकाट नवीन लायब्ररीवर गेलं,
कुणी शिव्या घालून गेलं.
एकाच्या बायकोनं कळवलं की ते आता नाहीत
आणि पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही.
त्याच्या कोडमध्ये एक ओळ होती:
हे तात्पुरतं आहे, सोमवारी नीट करतो.
कुठला सोमवार, ते लिहिलेलं नव्हतं.

शेवटी दोन उरले.
एक पत्त्यांचा खेळ.
दुसरा, हातमोज्यांच्या विणीचा प्रोग्राम,
चौकटीच्या कागदावर तारे, फुल्या, सूर्याच्या ओळी
टाक्याटाक्यानं मांडून देणारा.
लिहिणारा इल्ग्वार्स, गाव कुल्डीगा.
ईमेल केली की परत येई.

मार्चमध्ये मीच बसनं गेले.
दार त्याच्या बहिणीनं उघडलं, मिर्द्झानं.
कॉम्प्युटर होता. त्यावर भरतकामाचं कापड,
कापडावर काकडीच्या लोणच्याच्या सहा बरण्या.
प्रिंटर मरायला टेकला तेव्हा, ती म्हणाली,
एका आठवड्यात सगळ्या नक्ष्या छापून घेतल्या.
आणि बिस्किटांचा डबा उघडून दाखवला:
एकशे बारा कागद, घड्यांवर झिजलेले.
आता कशाला लागतोय तो?

म्हणजे तीन वर्षं मी
बरण्यांच्या टेबलासाठी जीव टाकत होते.

निघताना तिनं एक जोड दिला.
डाव्या अंगठ्यात चूक झालीय, विकता येत नाही, म्हणाली.

त्या रात्री काढण्याआधी
तो प्रोग्राम एकदा उघडला.
बटण दाबलं. किंचित आत गेलं.
पुन्हा दाबलं.

मग कमांड. मशीननं विचारलं, नक्की?
आमच्याकडे हो म्हणजे या, त्यासाठी जे दाबायचा.
दाबला.
दोन एमबी जागा मोकळी झाली,
एका फोटोला पुरेल न पुरेल इतकी.
गुंतार्सनं केक आणला. केक बरा होता.

चौथ्या दिवशी पत्र आलं, चिलीच्या पार टोकाहून, पुंता अरेनासवरून:
अपडेट केल्यापासून पत्ते उघडत नाहीत.
आई रोज रात्री खेळते,
डाव लागल्याशिवाय दिवा मालवत नाही.
काही करता येईल का?

त्या खेळाला मी तीन वर्षांत
एक ओळ लिहिली नव्हती.
खेळच तो, म्हटलं, कुणाचं काय अडणार.

ऑफिसात हीटर बंद होता.
मी लिहायला घेतलं, नमस्कार,
आणि पुढचं लिहिण्यासाठी
डाव्या हातातला मोजा काढला.