विसरण

हेनामच्या कारखान्यात, नोव्हेंबरच्या रात्रपाळीला,
किमचीच्या कोबीचे उभे दोन भाग करायचे,
पानापानात जाडं मीठ, बुंध्याशी थोडं जास्त,
आणि हौदात रचायचे, पोट वर करून.
तोरेबायला कोरियन शब्द येतात बावीस,
त्यातले चार मिठाचे.

पहाटे चारला हौद काठोकाठ भरतो.
नळ कुणीच सोडलेला नसतो.

पहिल्या रात्री तो घाबरला : काही फुटलं की काय?
मुकादम मेंगबाई हसल्या. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या.
ओल्या फरशीवर बोटानं चौकोन काढला, आत एक पिशवी.
ही भिंत. हे पटल. पाणी ये-जा करतं,
मीठ बाहेर ताटकळतं, बराच वेळ.
मीठ ओढतं? त्यानं दोर ओढल्यासारखे हात केले.
छे. ओढत कुणी नाही.
पाणी दोन्हीकडून हिंडतंच असतं, आंधळं;
बाहेरचं खाल्ल्या मिठाला जागून रेंगाळतं,
आतलं जातं तेवढं परतत नाही.
एवढंच.
पिशवी भिंतीपासून सुटते,
आणि ताठ पान दुमडलं तरी मोडत नाही.

तोरेबाय उकिडवा बसून राहिला.
चिंबायला बापाचा खरबुजांचा मळा होता.
आटलेल्या समुद्रावरून वारा यायचा, पांढरी धूळ घेऊन;
ओठ चाटले की कळायचं कसली.
वेल माना टाकायचे, बाप पाणी सोडायचा,
मुळाशी चिखल, आणि वेल तहानेनं वाळलेले.
नजर लागली, बाप म्हणायचा.
सतरा वर्षं हा त्या वेलांवर रुसून होता.
कुणी तेव्हा फरशीवर काढून दाखवलं असतं तर
तर काय?
धूळ थांबली नसती.

पलीकडे लसूण-मिरचीच्या वाटणाचं झाकण उघडलं.
दारं बंद, पंखा बंद,
तरी वास इथवर आला, धक्के खात,
दाटीतून मोकळ्यात, कुणी न धाडता.
आमच्या पुस्तकात याला विसरण म्हणतात.
अर्थ पसरण्याचा;
मला मात्र तो शब्द कायम विसरण्याचाच वाटला.
सगळीकडे सारखं झालं
की कुठून निघालो, हे कुठल्या थेंबाला सांगता येईल?

मिठापासून निघालेला माणूस,
पाच हजार किलोमीटरांवर, कोपरापर्यंत मिठात.
त्यानं एक कोबी उचलला. पान वाकवलं.
मोडलं नाही.
मेंगबाईंना दाखवलं.
धू आता, म्हणाल्या. तीनदा.